बेटाच्या काठावरून समुद्रात उतरताना : वाचकांचे प्रश्न

नागपूरहून कोणत्याही दिशेला निघाले तरी समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे, आणि तरीही या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी सर्वाधिक पत्रे समुद्रात उतरण्याविषयीची आहेत. अंदमानात किंवा तारकर्लीला स्कूबा डायव्हिंग शिकून आलेली आणि आता परदेशी राहणाऱ्या मुलांकडे, भावंडांकडे निघालेली मंडळी विचारतात की, नावेचे भाडे न भरता थेट किनाऱ्यावरून पाण्यात उतरता येईल का. ज्वालामुखीतून घडलेल्या बेटांचा किनारा यासाठी फार उत्तम असतो, मात्र तो चूक खपवून घेत नाही. म्हणून निवडक पत्रांना सविस्तर उत्तरे देत आहे.

प्रश्न : आम्ही पती-पत्नींनी दोन वर्षांपूर्वी अंदमानात ओपन वॉटरचे, म्हणजे स्कूबाचे प्राथमिक प्रशिक्षण पूर्ण केले, त्यानंतर आमचे चौदा डाइव्ह झाले आहेत. माझी बहीण हवाईच्या मोठ्या बेटावर कोना भागात राहते आणि डिसेंबरमध्ये आम्ही तीन आठवडे तिच्याकडे जाणार आहोत. तिची गाडी आम्हाला वापरता येईल. एवढ्या लांब किनाऱ्यावर उतरण्यासाठी चांगली जागा ओळखायची कशी? मासे, प्रवाळ आणि स्वच्छ पाणी कुठे मिळेल? (एक वाचक, धरमपेठ)

उत्तर : आपल्या पत्रात मासे आहेत, प्रवाळ आहेत, पण पाण्यातून वर कुठून यायचे याचा उल्लेख नाही, म्हणून तेथूनच सुरुवात करते. नावेवरून उतरणाऱ्याला नाव परत घ्यायला येते. किनाऱ्यावरून उतरणाऱ्याला मात्र त्याच कातळावर परत चढावे लागते, तेही पाऊण-एक तासानंतर, जेव्हा वारा फिरलेला असू शकतो, भरती-ओहोटीने पाण्याची पातळी बदललेली असते आणि सोळा-सतरा किलोचा सिलिंडर पाठीवर घेऊन आपण दमलेले असतो. जागा शोधताना ‘येथून दमलेल्या अवस्थेत वर येता येईल का’ हा प्रश्न आधी विचारावा. उतरण्याचा प्रश्न त्यानंतर.

मग डोंगराकडे पाहावे. हवाईवर वर्षाचा बराच काळ ईशान्येकडून व्यापारी वारे वाहतात. ४,२०७ मीटर उंचीचा मौना केआ आणि ४,१६९ मीटर उंचीचा मौना लोआ हे दोन पर्वत ते वारे अडवून धरतात, त्यामुळे पूर्वेकडील हिलोचा किनारा पावसाचा, ओढ्यांचा आणि खवळलेल्या पाण्याचा, तर पश्चिमेकडील कोनाचा किनारा कोरडा आणि आडोशाचा झाला आहे. कोनाकडे पडणारा पाऊस सच्छिद्र कातळात मुरतो आणि ओढ्यांतून गाळ घेऊन न येता काठाजवळच्या झऱ्यांतून समुद्रात मिसळतो. तेथील पाणी इतके नितळ असण्याचे हे मोठे कारण आहे. अशा झऱ्यांच्या जागी गोडे, थंड पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगते आणि दोहोंच्या सीमेवर, मे महिन्यात आपल्या वर्धा रोडवर तापलेल्या डांबरावरची हवा थरथरते तसे सगळे दृश्य थरथरू लागते. मास्क बिघडला असे समजून घाबरू नये. मीटर-दोन मीटर खाली गेल्यावर पुन्हा स्वच्छ दिसते.

डिसेंबरची मात्र वेगळी काळजी आहे. साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात उत्तर पॅसिफिकमधील दूरच्या वादळांच्या लाटा वायव्येकडून येतात आणि कोनाला वाऱ्याची झुळूकही नसताना किनाऱ्यावर आदळतात. हवामानाच्या अंदाजात लाटेची केवळ उंची पाहू नये. ती कोणत्या दिशेने येत आहे आणि दोन लाटांमध्ये किती सेकंदांचे अंतर आहे, हेही पाहावे. आठ सेकंदांच्या अंतराने येणारी एक मीटरची लाट आणि सोळा सेकंदांच्या अंतराने येणारी एक मीटरची लाट यांत फार फरक असतो, कारण दुसरी लाट खोलवरून जोर घेऊन येते आणि कातळावर कितीतरी उंच चढते.

आता नकाशा. उपग्रहाच्या छायाचित्रात काठाला लागूनच गडद निळा रंग दिसत असेल तर तेथे कातळ एकदम खोल उतरलेला असतो, फिकट हिरवट पट्टा दिसत असेल तर पाणी उथळ असते, आणि पांढरी रेघ म्हणजे फुटणाऱ्या लाटांचा फेस. एकाच जागेची निरनिराळ्या तारखांची छायाचित्रे उघडून पाहावीत आणि ज्या खाचेत दर वेळी फेस कमी दिसतो ती वहीत टिपून ठेवावी. सागरी नकाशावर १० आणि २० मीटर खोलीच्या रेषा काठाच्या जवळ आल्या असतील तर पोहण्याचे अंतर वाचते, परंतु अशाच जागी आपल्या प्रशिक्षणाची १८ मीटरची मर्यादा नकळत ओलांडली जाते, हेही तेथेच टिपावे.

तरीही सर्वांत भरवशाची खूण जमिनीवर असते. ज्या ठिकाणी माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या होड्या ओढून लावल्या, जेथे जुना धक्का आहे, जेथे उतरण्यासाठी वाट मळलेली आहे, तेथे आपल्यापेक्षा कितीतरी अधिक काळ कोणीतरी समुद्राचा अभ्यास केलेला असतो. होनाउनाउ येथील ‘टू स्टेप’ हे याचे उत्तम उदाहरण. जुन्या काळी निर्बंध मोडणाऱ्याला जेथे अभय मिळत असे ते पवित्र शरणस्थान, म्हणजे आजचे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान, याला लागून आहे. उद्यानातील लहानशा खाडीत राजघराण्याच्या होड्या लागत असत. उद्यानाच्या बाहेर, शेजारच्या कातळाला निसर्गानेच घडवलेल्या दोन पायऱ्या आहेत. त्यांवर बसून फिन्स, म्हणजे पायांत घालायचे पोहण्याचे पंखे, चढवायच्या, लाट पायरीवर आली की तिच्याबरोबर सरकायचे, की आपण पोहत असतो. उत्तरेकडील माहुकोना हे साखरेच्या वाहतुकीचे जुने बंदर आहे आणि त्याचे लोखंडी अवशेष आजही पाण्याखाली दिसतात. पुआको येथे रस्त्यालगत किनाऱ्याकडे जाणाऱ्या सार्वजनिक वाटा आहेत आणि प्रवाळही भरपूर आहेत. याउलट १९६९ पासून संरक्षित असलेल्या केआलाकेकुआ उपसागराचा सर्वांत सुंदर भाग गाडीरस्त्यापासून जवळजवळ ४०० मीटर खाली, खड्या पायवाटेने गाठावा लागतो. सिलिंडर घेऊन तेथे जाण्याचा विचार करू नये.

जागेवर पोचल्यावर सामान गाडीतच ठेवून निदान वीस मिनिटे काठावर बसावे. लाटा गटागटाने येतात. पाच मिनिटे समुद्र शांत वाटतो आणि मग तीन-चार मोठ्या लाटा पाठोपाठ येतात. कातळ कुठवर ओला आहे ते पाहावे, कारण ती ओल सर्वांत मोठ्या लाटेची खूण असते. मग परतीची दुसरी जागाही चालत जाऊन, हाताने चाचपून ठरवावी.

ही दुसरी जागा मी अनुभवातून शिकले. काही वर्षांपूर्वी एका बेटावर, स्थानिक मार्गदर्शकाच्या भरवशावर, आम्ही सकाळी अगदी सपाट पाण्यात उतरलो. परत आलो तेव्हा ओहोटीने पाणी खाली गेले होते; ज्या कंगोऱ्यावरून उतरलो तो आता छातीच्या उंचीवर होता, त्याची खालची बाजू हिरव्या शेवाळाने माखलेली होती आणि वारा सुटला होता. मी हात टेकवला, लाट ओसरली, आणि घसरताना तळहातावर चार समांतर रेघा उमटल्या. त्यांत मीठ शिरल्यावर कळले की त्या किती खोल आहेत. मी दहा-बारा मीटर मागे सरून लाटा मोजत राहिले, आणि काही वेळाने उत्तरेला वाळूवर ओढून ठेवलेल्या मच्छीमारांच्या तीन होड्या दिसल्या. तेथवर पोहत गेलो आणि गुडघाभर पाण्यातून चालत बाहेर आलो. ती जागा आदल्या संध्याकाळी आम्ही गाडीतून पाहिली होती; तिचा उपयोग मात्र कोणी लक्षात घेतला नव्हता.

होनाउनाउ आणि केआलाकेकुआ या दोन्ही उपसागरांत डॉल्फिन दिवसा विश्रांती घेतात. २०२१ पासूनच्या नियमानुसार त्यांच्यापासून सुमारे ४५ मीटर दूर राहणे बंधनकारक आहे. प्रवाळांना अपायकारक असलेल्या ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट या द्रव्यांच्या सनस्क्रीनची विक्रीही हवाईत त्याच वर्षापासून बंद आहे, तेव्हा येथून घेऊन जाताना डबीवरील घटक वाचून घ्यावेत.

प्रश्न : मी भूगोलाची शिक्षिका आहे. लाव्ह्याच्या प्रकारावरून पाण्याखाली काय असेल याचा अंदाज बांधता येतो का? (एक वाचक, गिट्टीखदान)

उत्तर : आपण ज्या वस्तीत राहता तिच्या नावातच या प्रश्नाची सुरुवात आहे. ज्या काळ्या दगडाची गिट्टी फोडली जाते तो बेसाल्टच, आणि सीताबर्डीच्या टेकडीपासून सेमिनरी हिल्सपर्यंत आपल्या पायाखाली तोच आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पसरलेल्या या लाव्ह्याचा उगम, आज हिंदी महासागरातील रीयुनियन बेटाखाली असलेल्या तप्त केंद्राशी जोडलेला आहे, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. नागपूरचा माणूस ज्वालामुखीच्या बेटाला अगदी परका नाही, असे मला नेहमी वाटते.

लाव्ह्याचे दोन प्रकार ध्यानात ठेवावेत. त्यांची नावे हवाईच्या भाषेतूनच भूशास्त्रात आली आहेत. ‘पाहोएहोए’ हा पातळ लाव्हा थिजून गुळगुळीत, कधी पीळ दिलेल्या दोरखंडासारखा होतो. त्याचे सपाट थर समुद्राकडे पायऱ्यांसारखे उतरतात आणि त्यावर पाऊल ठरते. ‘आआ’ हा दाट लाव्हा फुटत फुटत पुढे सरकतो आणि विटांच्या भट्टीतील जळक्या खंगरासारखा टोकदार ढीग मागे ठेवतो. त्यावरून सिलिंडरसह चालणे म्हणजे घोट्याला आणि बुटाला दोन्हींना धोका. पाहोएहोएच्या प्रवाहावर कवच थिजल्यावर आतला लाव्हा वाहून गेला की पोकळ नळी राहते, आणि समुद्राने तिचे तोंड फोडले की गुहा, कमानी, उजेडाचे झोत असे अद्भुत दृश्य तयार होते. कमानीखालून जावे. बंद बोगद्यात मात्र गुहेचे वेगळे प्रशिक्षण नसताना शिरू नये, कारण डोक्यावर कातळ असताना सरळ वर येण्याचा मार्ग उरत नाही.

दुसरा अंदाज वयावरून बांधता येतो. ताज्या लाव्ह्यावर प्रवाळ नसतात. जुन्यावर ते दाट असतात. हवाईच्या लाव्हाप्रवाहांवरील १९७४ च्या एका अभ्यासात असे आढळले की, लाटांना उघड्या असलेल्या जागी प्रवाळवस्ती पूर्ववत होण्यास सुमारे २० वर्षे, तर आडोशाच्या जागी ५० वर्षांहून अधिक काळ लागतो. कारण उघड्या जागी लाटांच्या माऱ्यामुळे मुळातच वस्ती विरळ असते, आणि आडोशाला ती हळूहळू दाट होत जाते. मौना लोआच्या १९५० च्या उद्रेकाचे प्रवाह दक्षिण कोनात समुद्रापर्यंत पोचले होते, आणि कोनाचा विमानतळ हुआलालाई या ज्वालामुखीच्या १८०१ च्या प्रवाहावर बांधलेला आहे. प्रवाहांच्या तारखा दाखवणारे भूशास्त्रीय नकाशे उपलब्ध आहेत. सागरी नकाशाशेजारी असा नकाशा ठेवून पाहिला की वर्गातही हा पाठ सुंदर रंगेल.

अगदी नव्या लाव्ह्याच्या काठाजवळ मात्र कोणीही जाऊ नये. समुद्रात साचलेला तो कठडा आतून ठिसूळ असतो आणि पूर्वसूचना न देता कोसळतो. २०१८ मध्ये याच बेटावरील किलाउएआ ज्वालामुखीच्या उद्रेकात कापोहोचा उपसागर आणि तेथील प्रवाळांची तळी लाव्ह्याखाली गेली. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये समुद्रात शिरणाऱ्या लाव्ह्याचा स्फोट होऊन उडालेला तप्त दगड पर्यटकांच्या नावेवर पडला आणि २३ जण जखमी झाले.

प्रश्न : माझे वय ५३ असून गुडघे थोडे दुखतात. मुलगा आम्हाला बालीला नेणार आहे. तुलांबेनला किनाऱ्यावरून बुडालेले जहाज पाहता येते असे तो म्हणतो. मला ते झेपेल का, ताई? (एक वाचक, खामला)

उत्तर : मुलगा बरोबर सांगतो. लिबर्टी हे अमेरिकी मालवाहू जहाज जानेवारी १९४२ मध्ये जपानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने निकामी झाले आणि ओढून नेता नेता तुलांबेनच्या किनाऱ्यावर लावावे लागले. एकवीस वर्षे ते तेथेच वाळूवर पडून होते. १९६३ मध्ये आगुंग पर्वताचा उद्रेक झाला तेव्हाच्या हादऱ्यांनी ते घसरून पाण्यात गेले. त्याचा वरचा भाग सुमारे ५ मीटरवर आणि खालचा ३० मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे आपल्या मर्यादेत राहूनही बरेच काही पाहता येते. ईशान्य बाली आगुंगच्या पर्जन्यछायेत असल्यामुळे कोरडा आहे आणि तेथील नदीचे पात्र बहुतेक काळ सुकलेलेच असते.

आपल्या गुडघ्यांसाठी खरी अडचण जहाजाजवळ नाही, काठावर आहे. तेथे वाळूऐवजी ज्वालामुखीचे काळे, गोल, नारळाएवढे धोंडे आहेत. लाट मागे गेली की ते एकमेकांवर आपटतात आणि पाण्याखालीही त्यांचा खडखडाट ऐकू येतो. त्यावर उभे राहिलो की प्रत्येक धोंडा पायाखाली थोडा फिरतो. याच धोंड्यांवरून गावातील स्त्रिया डोक्यावर सिलिंडर घेऊन इतक्या सहजतेने चालतात की पाहत राहावे. सामान पोचवण्याचे हे काम त्यांचे आहे. त्याचा मोबदला मोकळेपणाने द्यावा आणि आपण हात मोकळे ठेवून चालावे. जाड तळव्याचे बूट घ्यावेत, मुलाचा दंड धरावा, कमरेइतक्या पाण्यात गेल्यावर लगेच जॅकेटमध्ये हवा भरून तरंगावे आणि फिन्स तेथेच चढवाव्यात. बाहेर येतानाही हाच क्रम उलटा. अगदी उथळ पाण्यात उभे राहण्याची घाई न करता पोटावर सरकत, गरज पडल्यास हातापायांवर रांगत यावे. त्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही. अनुभवी पाणबुडेही तसेच येतात.

सकाळी लवकर उतरावे. तेव्हा पाणी शांत असते आणि जहाजाजवळ गर्दी कमी असते. गुडघ्यांविषयी आणि रक्तदाब, दमा असे काही असल्यास त्याविषयी निघण्यापूर्वी डॉक्टरांचा लेखी सल्ला घ्यावा. शिवाय आगुंग २०१७ ते २०१९ या काळात पुन्हा जागा झाला होता, तेव्हा तिकिटे काढण्यापूर्वी त्याची सूचनापातळी पाहण्याची सवय चांगली.

प्रश्न : आपल्याच देशातील बॅरन बेटावर किनाऱ्यावरून डायव्हिंग करता येते का? (एक वाचक, महाल)

उत्तर : नाही. बॅरन हा भारतातील एकमेव जागृत ज्वालामुखी आहे. १९९१ पासून त्याचे उद्रेक अधूनमधून चालू आहेत आणि बेटावर पाऊल ठेवण्यास परवानगी नाही. आवश्यक परवानग्या घेऊन अंदमानातील स्वराज द्वीपाकडून जाणाऱ्या बोटींवरूनच त्याच्या भोवतीच्या पाण्यात उतरता येते, आणि तो अनुभवी पाणबुड्यांचा प्रवास आहे.

प्रश्न : सकाळी डायव्हिंग आणि त्याच रात्री ज्वालामुखीच्या शिखरावर सूर्योदयासाठी चढाई, असा बेत आमच्या प्रवास कंपनीने आखून दिला आहे. हे योग्य आहे का? (एक वाचक, प्रतापनगर)

उत्तर : हा बेत तातडीने बदलून घ्यावा. पाण्याखाली दर १० मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो आणि श्वासातील नायट्रोजन शरीरात विरघळतो. तो हळूहळू बाहेर पडण्यापूर्वीच आपण उंचावर, म्हणजे कमी दाबात गेलो, तर रक्तात आणि ऊतींमध्ये बुडबुडे तयार होऊ शकतात. सांधेदुखी, मुंग्या, चक्कर, आणि वाईट प्रसंगी पक्षाघातापर्यंत त्याची मजल जाते. विमानाच्या बाबतीत एका डाइव्हनंतर निदान १२ तास आणि अनेक डाइव्हनंतर निदान १८ तास थांबावे असा मान्य संकेत आहे. विमानात हा नियम सर्वांना आठवतो, पण ज्वालामुखीच्या बेटावर डोंगर समुद्राच्या इतका जवळ असतो की गाडीत बसल्यावर तो विसरला जातो. बालीतील बातुरचे शिखर १,७१७ मीटरवर आहे. हवाईत कोनाहून हिलोकडे जाणारा मधला महामार्गच सुमारे २,००० मीटरपर्यंत चढतो आणि मौना केआचे पर्यटक केंद्र २,८०० मीटरवर आहे, तर विमानाच्या आतील दाब साधारण २,४०० मीटर उंचीइतका उतरू शकतो. म्हणजे ती गाडीची सहलही विमानप्रवासासारखीच मानावी. आधी डोंगर आणि मग समुद्र असा क्रम ठेवला की सहलीतले काहीच गाळावे लागत नाही. धरमपेठच्या वाचकांनीही हे उत्तर वाचावे.

प्रश्न : नागपुरात राहून या सगळ्याची तयारी कशी करावी? येथील तलावात सराव चालेल का? (एक वाचक, मनीषनगर)

उत्तर : अंबाझरी, फुटाळा किंवा एखादी पाण्याने भरलेली खदान यांत उतरण्याचा विचार मनातही आणू नये, गढूळ पाणी, गाळ आणि खालच्या वेली यांत सरावलेला माणूसही अडकतो. सराव जलतरण तलावात, प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली करावा: मास्क पाण्याने भरून रिकामा करणे, पाण्यातच फिन्स काढणे-घालणे, उभे राहण्याचा आधार न घेता दहा मिनिटे तरंगणे.

उरलेली बरीच तयारी जमिनीवर होते. सकाळी एखाद्या मोकळ्या मैदानावर होकायंत्र हातात धरून एका दिशेने शंभर पावले जावे, १८० अंश वळावे आणि नजर केवळ काट्यावर ठेवून परत यावे. निघालेल्या जागेपासून किती दूर पोचलो ते मोजावे. सुरुवातीला दहा-बारा पावलांची चूक होते, पंधरा दिवसांत ती दोन-तीनवर येते. पाण्याखाली हीच चूक आपल्याला पायऱ्यांऐवजी आआच्या टोकदार ढिगासमोर आणून ठेवते. पाठीवर पंधरा किलोची पिशवी घेऊन जिने चढा-उतरावे, शेवटच्या आठवड्यात ओल्या बुटांनी. आणि हवेचा हिशेब तोंडपाठ करावा: एक तृतीयांश जाण्यासाठी, एक तृतीयांश येण्यासाठी आणि उरलेली काठाजवळ लाटांची वाट पाहण्यासाठी.

पाण्याबाहेर सहा महिन्यांहून अधिक काळ गेला असेल तर परदेशी जाण्यापूर्वी तारकर्लीच्या प्रशिक्षण संस्थेत किंवा अंदमानात एक उजळणीचा डाइव्ह करावा, आणि बेटावर पोचल्यावर पहिला दिवस स्थानिक मार्गदर्शकासोबत उतरावे. त्याला आपला शेवटचा डाइव्ह कोणत्या महिन्यात झाला आणि तो नावेवरून होता की किनाऱ्यावरून, हे सामान घेण्यापूर्वीच सांगावे.